मूठ कशी वळावी?

संध्याकाळी नवी मुंबईतील एखाद्या मैदानावर जा. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, पनवेल, कुठेही. तेथे पांढरे कपडे घातलेली मुले-मुली रांगेत उभी दिसतील. कुणाच्या कमरेला पांढरा पट्टा असतो, कुणाच्या पिवळा, तर कुणाच्या हिरवा. सर मोठ्याने आकडे मोजतात आणि सगळ्यांच्या मुठी एकदम पुढे येतात. हा कराटेचा वर्ग आहे.

मूठ वळून मारण्याला मराठीत 'ठोसा मारणे' म्हणतात. तुम्ही उर्दूत 'घूँसा' किंवा 'मुक्का' म्हणता. 'मूठ' आणि 'मुठ्ठी' या तर सख्ख्या बहिणीच!

अशा एका वर्गात एक नवा मुलगा आला. त्याने जोरात मूठ वळली. सरांनी लगेच त्याचा हात धरला. "थांब, बाळ. तुझा अंगठा कुठे आहे?"

अंगठा मुठीच्या आत होता. अशी मूठ कशावर आपटली, तर समोरच्याला लागण्याआधी आपलाच अंगठा मोडू शकतो. सरांनी त्याला मूठ वळायला शिकवले. आधी चारही बोटांची टोके तळहाताकडे वळवायची. मग बोटे घट्ट मिटायची. शेवटी अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटावर ठेवायचा. मुठीत हवा जायलाही जागा उरू नये.

आता मुठीवर पाहा. बोटांच्या मुळाशी हाडांचे उंचवटे दिसतात. कराटेत तर्जनी आणि मधले बोट यांच्या उंचवट्यांनी ठोसा मारतात. हा भाग मनगटाच्या सरळ रेषेत येतो. करंगळीकडचे हाड बारीक असते. मूठ वेडीवाकडी बसली तर तेच हाड मोडते. रागाने भिंतीवर हात आपटणाऱ्यांचे हे हाड मोडल्याचे डॉक्टर नेहमी पाहतात.

मनगट सरळ का हवे, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. मूठ भिंतीला टेकवा आणि हळूच रेटा. मारू नका, फक्त रेटा. मनगट सरळ असेल तर जोर थेट कोपराकडे जातो. मनगट थोडे वाकवले की ते लगेच दुमडू लागते. हळू रेटताना जर ते दुमडते, तर जोराच्या ठोशात त्याचे काय होईल?

ठोसा कमरेजवळून निघतो. तेथे मुठीची बोटे वरच्या बाजूला असतात. कोपर बरगडीला घासत पुढे येते. अगदी शेवटी मूठ फिरते आणि बोटे खाली जातात. खांदा वर उचलायचा नाही. कोपर झटका देऊन पूर्ण ताठ करायचे नाही, नाहीतर सांधा दुखावतो.

एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा हात काय करतो? तो तितक्याच वेगाने कमरेला परत येतो. त्याला जपानी भाषेत 'हिकिते' म्हणतात. 'ते' म्हणजे हात. 'हिकिते' म्हणजे ओढणारा हात. 'कराटे' या शब्दातही तोच 'ते' आहे. 'कराटे' म्हणजे रिकामा हात, हत्याराशिवायचा हात.

रांगेतील एका मुलीने विचारले, "सर, एक हात पुढे आणि एक कमरेला. मग माझे तोंड कोण वाचवणार? टीव्हीवर बॉक्सर तर दोन्ही हात तोंडाजवळ धरतात."

सर हसले. "प्रश्न अगदी बरोबर आहे. इकडे ये आणि माझ्यावर ठोसा उगार."

तिने हात पुढे केला. सरांनी तिची बाही पकडून आपल्या कमरेकडे ओढली. ती एक पाऊल पुढे आली, तिचा तोल गेला आणि सरांची दुसरी मूठ तिच्या खांद्याजवळ येऊन थांबली. आता सगळ्यांना कळले. मागे जाणारा हात रिकामा नसतो. तो प्रतिस्पर्ध्याचा हात किंवा कपडा धरून ओढत असतो. हातात धरलेले काही नसेल, तर लढताना तो हात हनुवटीजवळच हवा. म्हणून सामन्याच्या सरावात मुले दोन्ही हात वर धरतात.

"मग रोज हवेत हा सराव कशासाठी?" तिने पुन्हा विचारले.

"कंबर वळायला शिकावी म्हणून," सर म्हणाले. "ठोशाचा जोर हातात नसतो. पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, मग खांदा, मग कोपर आणि शेवटी मूठ. एक हात मागे घेतला की नवशिक्याला हे वळणे लवकर कळते."

कराटेचे माहेर म्हणजे जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेट. तेथील जुनी युद्धकला आणि चीनमधील कला यांतून ती घडली. १९०१ च्या सुमारास इतोसू आन्को या गुरूंनी ती ओकिनावाच्या शाळेत आणली. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन स्वतः शाळेत शिक्षक होते. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत या कलेचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे ती जगभर पसरली. आपल्याकडे मुंबईत कराटे रुजवणाऱ्या सुरुवातीच्या शिक्षकांमध्ये परवेझ मिस्त्री यांचे नाव घेतले जाते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही कराटेचे सामने झाले.

वर्ग सुटला. नवा मुलगा मात्र घुटमळत उभा राहिला. "सर, शाळेच्या वाटेवर मोठी मुले माझा डबा हिसकावतात. हा ठोसा मला किती दिवसांत येईल?"

सर त्याच्याजवळ खाली बसले. "ठोसा यायला महिने लागतील. पण एक गोष्ट आजच शिक. दोन्ही हात छातीसमोर उघडे धर. एक पाऊल मागे जा. मोठ्या आवाजात 'नाही' म्हण आणि जवळच्या मोठ्या माणसाला हाक मार. उघड्या हातांनी तोंडही वाचते आणि भांडणही वाढत नाही. एका ठोशाने माणूस पडतो, डोके रस्त्यावर आपटते आणि जीवही जाऊ शकतो. आणि हे आज घरी अब्बांना सांग. उद्या तुमच्या सरांनाही सांग."

मुलाने मान हलवली. दोन्ही हात मांड्यांना टेकवून तो वाकला. वर्गाची सुरुवात आणि शेवट अशाच नमस्काराने होतो. त्या वेळी हात उघडे असतात.

शब्दार्थ
मनगट – कलाई. कोपर – कोहनी. बरगडी – पसली. सांधा – जोड़. प्रतिस्पर्धी – हरीफ़. हिसकावणे – छीनना. घुटमळणे – जावे की थांबावे अशा विचारात रेंगाळणे

स्वाध्याय
१. मूठ वळताना अंगठा कोठे ठेवावा? का?
२. 'हिकिते' म्हणजे काय? त्याचा उपयोग कसा होतो?
३. सरांनी नव्या मुलाला कोणता सल्ला दिला? तो तुम्हांला पटतो का? चार-पाच वाक्यांत लिहा.