‘डेथ नोट’नंतर काय पाहावे?

‘डेथ नोट’ (२००६-०७) या ३७ भागांच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेची पकड तिच्या नियमांत आहे. वहीत ज्याचे नाव लिहिले तो मरतो, पण लिहिताना त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे हवा. मृत्यूचे कारण ४० सेकंदांत लिहिले नाही, तर तो हृदयविकाराने मरणार. हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असल्याने वही वापरणारा लाइट आणि त्याच्या मागावरचा एल डाव टाकू लागले की पाहणाराही मनात चाली मांडतो. ही गोडी लागलेल्याने पुढची मालिका याच कसोटीवर निवडावी.

कसोटीला सर्वाधिक उतरते ती ‘काइजी’. नोबुयुकी फुकुमोतो यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) ती २००७ मध्ये ‘डेथ नोट’च्याच मॅडहाउस स्टुडिओने केली. नायक काइजी दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून बुडालेला. त्यातला ‘ई-कार्ड’ हा पत्त्यांचा खेळ थक्क करतो. एका बाजूला सम्राटाचे एक पान, दुसरीकडे गुलामाचे एक. नागरिकांची चार-चार पाने दोघांकडेही. सम्राट नागरिकाला हरवतो, नागरिक गुलामाला आणि गमावण्यासारखे काहीच नसलेला गुलाम सम्राटाला. अंदाजपंचे खेळल्यास गुलामाला पाचांत एकच संधी, म्हणून तो जिंकला तर रक्कम पाचपट. काइजी मात्र पणाला लावतो स्वतःचा कान. आत बसवलेली सुई प्रत्येक हारीला पडद्याकडे सरकते आणि समोरचा टोनेगावा त्याची नजर, त्याचा घाम वाचत राहतो. टोकदार नाकांची ओबडधोबड चित्रे सुरुवातीला खटकतात. पुढे त्या चेहऱ्यांवरून डोळा हलत नाही.

‘वन आउट्स’ (२००८-०९) बेसबॉलची, पण त्या खेळाची जाण नसली तरी अडत नाही. गोलंदाज तोकुची याचा संघमालकाशी करार असा : प्रत्येक आउटला ५० लाख येन त्याला मिळणार, प्रत्येक धावेला ५ कोटी त्याने द्यायचे. त्याच्या चेंडूला वेग नाही. फलंदाजाच्या मनात काय चालले आहे एवढेच तो ओळखतो. करार महागात पडू लागताच मालक आपल्याच संघाला हरवायला निघतो, तिथून मालिका रंगते. फुकुमोतोंचीच माहजाँग या खेळावरची ‘आकागी’ही तोलामोलाची, मात्र तो खेळ न येणाऱ्याला जड जाते.

‘मॉन्स्टर’ या ७४ भागांच्या मालिकेत खेळही नाही, नियमही नाहीत. तिचा खलनायक योहान नुसत्या बोलण्यानेही माणसांना संपवतो. घाई असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा पहिला सीझन (२०१९) अवघा १२ भागांचा. अनाथालयातली मुले आणि ‘आई’ म्हणवणारी इझाबेला यांच्यातली ही झुंज घट्ट विणलेली आहे. दुसऱ्या सीझनने मूळ कथेचे मोठे भाग गाळले; तो सोडून पुढची गोष्ट मांगातच वाचावी.