हत्ती-प्याद्यांची डावअखेर

बुद्धिबळाच्या डावाच्या शेवटी एका बाजूस राजा, हत्ती व प्यादे आणि दुसऱ्या बाजूस राजा व हत्ती उरले असता येणारी स्थिती. एक प्यादे अधिक असणे विजयास पुरेसे नसते. बचाव करणारा राजा प्याद्याच्या वाटेत आहे की नाही, यावर निकाल बहुधा अवलंबून असतो.

विजयाची स्थिती : पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच व आडव्या पट्ट्यांना १ ते ८ अशी नावे देतात. पांढरा राजा जी ८, प्यादे जी ७, हत्ती एफ १ आणि काळा राजा ई ७, हत्ती एच २ येथे आहेत, असे मानू. प्याद्याची वाट स्वतःच्याच राजाने अडविलेली असते. काळा राजा व हत्ती त्यास बाहेर पडू देत नाहीत. पांढरा प्रथम हत्ती एफ ४ वर आणतो. काळ्याने हत्ती एच १ वर नेल्यास ई ४ वरून शह देऊन काळ्या राजास डी ७ वर हटवितात व पांढरा राजा एफ ७ वर येतो. मागून शह मिळत असता तो जी ६, एफ ६, जी ५ असा खाली उतरतो आणि अखेरचा शह जी ४ वर हत्ती घालून थोपवितात. यास ‘पूल बांधणे’ म्हणतात. ही स्थिती ल्युसेना यांच्या नावाने ओळखली जात असली, तरी त्यांच्या १४९७ च्या ग्रंथात ती नाही. साल्व्हिओ यांच्या १६३४ च्या ग्रंथात ती आढळते.

बचाव : काळा राजा प्याद्याच्या वाटेत असल्यास हत्तीने सहावी आडवी पट्टी रोखून धरावी व प्यादे तेथे येताच पहिल्या पट्टीवर जाऊन मागून शह द्यावेत. फिलिडॉर यांनी १७७७ मध्ये दाखविलेल्या या रीतीने डाव बरोबरीत सुटतो.

देशी पद्धतीत हे विवेचन जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे सामान्यतः त्या पट्टीचे मोहरे होई. म्हणजे जी पट्टीतील प्याद्याचा वजीर न होता घोडा होई. शिवाय एका बाजूस केवळ राजा उरल्यास ‘बुर्जी’ मानीत. त्यामुळे प्रतिपक्षाचा हत्ती जिंकणे हाच तेथे संपूर्ण विजय ठरत नसे.