बिनतारी घड्याळ आणि आगरांतील ऊन

यंदा चैत्रांत आमच्या पुतण्यानें जर्मनींतून एक अंकदर्शी घड्याळ आणिलें. त्यासोबत तीन लहान बिनतारी डब्या होत्या. डबी जेथें टांगावी तेथील उष्णता व हवेंतील दमटपणा मिनिटागणिक ओटीवरील घड्याळास कळावा, अशी ही योजना. श्रीवर्धनास घराच्या मागें आगर लांबवर पसरलेलें. तेव्हां ही सोय कोणास आवडणार नाहीं?

घड्याळानें प्रथम निराशाच केली. फ्रँकफुर्टजवळील केंद्रांतून ७७.५ किलोहर्ट्‌झच्या लहरींवर जी कालसूचना निघते, तिच्यावरून आपली वेळ आपणच लावून घ्यावयाची, हा त्याचा धर्म. परंतु त्या लहरींचा पल्ला सुमारें २००० किलोमीटर. कोंकण त्याच्या कितीतरी पलीकडे. शेवटीं वेळ हातानेंच लाविली. (आपली प्रमाण वेळ १९०६ पासून ८२॥ अंश रेखांशाची, आणि श्रीवर्धन ७३ अंशांजवळ. म्हणून येथें मध्याह्न होतो तो सरासरीनें १२ वाजून ३८ मिनिटांनीं. आमचे वडील बंधु दादा तो अजून सावलीवरूनच धरितात, व त्यांचें चुकत नाहीं.)

डब्यांच्या बाबतींत क्रम पाळावा लागतो. प्रत्येकीच्या पाठीवरील खटका १, २, ३ असा निराळा करावा, नाहीं तर दोघी एकाच नांवानें बोलूं लागतात. सेल आधीं डबींत, मग घड्याळांत घालावे. दोहोंची गांठ पडल्याचें शेजारींच पाहावें आणि नंतर टांगण्यास जावें. जांभ्याच्या जाड भिंतींनीं लहरी क्षीण होतात. पत्रा तर त्यांस अडवितोच. खाऱ्या हवेनें सेलच्या पट्ट्या गंजतात, त्या अधूनमधून पुसाव्या.

एक डबी माजघरांत, एक माडीवर लाविली. तिसरी मीं विहिरीच्या खांबास, पोफळींच्या दाट सावलींत टांगिली, आणि तेथेंच चूक झाली.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळांत आमच्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतर लाविलेल्या रोपांस दादा स्वतः पाणी घालितात. त्यांचें वय ८४. डॉक्टरांनीं उन्हांत जाण्यास मनाई केलेली. वैशाखांत एके दिवशीं अकराच्या सुमारास घड्याळांत २९ अंश दिसले. “अरे, तुझें यंत्रच म्हणतें बाहेर गारवा आहे,” असें म्हणून दादा उठले. मीं अडविलें नाहीं. अर्ध्या तासानें गड्याची हांक आली. दादा आळ्याशीं बसले होते. डोळ्यांपुढें अंधारी, अंग घामानें निथळत होतें. ओटीवर आणून मीठ-साखरेचें पाणी पाजलें, ओल्या पंचानें अंग पुसलें, डॉक्टरांस बोलाविलें. संध्याकाळीं त्यांस हुशारी आली.

डबी खोटें बोलली नव्हती. तिनें विहिरीकांठचा गारवा सांगितला. तो मीं साऱ्या आगराचा समजलों. शिवाय खालचा दमटपणाचा आंकडा मीं वाचलाच नव्हता. दमट हवेंत घाम सुकत नाहीं, आणि घाम सुकल्याखेरीज अंग निवत नाहीं.

वेधशाळांतून तापमापकें पांढऱ्या, झडपांच्या लांकडी पेटींत, जमिनीपासून सुमारें चार फुटांवर ठेवितात. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहें बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याची कल्पना. सुतारानें जुन्या खिडकीच्या झडपांची तशीच पेटी करून दिली. तिला पांढरा रंग दिला, दार उत्तरेस ठेविलें आणि ती रोपांजवळ मोकळ्या जागीं उभी केली. पहिल्याच दुपारीं डबीनें ३४ अंश दाखविले.

दादा आतां दोन्ही आंकडे मोठ्यानें वाचतात आणि नऊच्या आंत आळीं भिजवून परततात. दोन रोपांस गेल्या महिन्यांत पहिला फुलोरा आला.