किरणोत्सर्गी आयोडीन-चिकित्सा आणि रुग्णाचा एकांतवास

अवटु ग्रंथीच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यावर काही रुग्णांस आयोडीन-१३१ देण्यात येते. मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णास त्यानंतर काही दिवस स्वतंत्र खोलीत एकटे राहावे लागते. या एकांतवासाचे कारण त्यास आधीच समजावून देणे अगत्याचे आहे.

आयोडीन-१३१ मधून निघणारे बीटा कण ऊतींत एकदोन मिलिमीटरच शिरतात आणि तेथील पेशी नष्ट करतात. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर पडून परिचारिकांपर्यंत व आप्तांपर्यंत पोचू शकतात. या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे ८ दिवसांचा असला, तरी ग्रंथी काढलेली असल्याने त्याचा बराच मोठा भाग पहिल्या दोन दिवसांतच मूत्रावाटे निघून जातो. म्हणूनच रुग्णास भरपूर पाणी पिण्यास व वारंवार लघवीस जाण्यास सांगतात. लाळग्रंथीही आयोडीन शोषून घेत असल्यामुळे तोंड कोरडे पडणे, चव बदलणे असे त्रास संभवतात. क्वचित मळमळही होते.

परिचारिका दूरूनच विचारपूस करते, ती उपेक्षेमुळे नव्हे. तिला असे रुग्ण वर्षभर सांभाळावयाचे असतात. ठराविक अंतरावरून मापकाने किरणांची तीव्रता वेळोवेळी मोजतात आणि ती विहित मर्यादेखाली उतरली की रुग्णास घरी जाऊ देतात. घरीही काही दिवस लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून त्याने अंतर राखावयाचे असते.