विश्लेषण : ठेवी गावाच्या, कर्ज शहराला

कौशल्य शिकलेला ग्रामीण तरुण गावात व्यवसाय उभारणार की शहराची वाट धरणार, हे अनेकदा प्रशिक्षणापेक्षा बँकेच्या कर्जावर ठरते. देशात हे कर्ज सर्व भागांना सारखे मिळत नाही.

ही विषमता मोजण्याचे एक साधन म्हणजे कर्ज-ठेव प्रमाण. जिल्ह्यातील बँकांकडे १०० रुपयांच्या ठेवी असतील आणि तेथे ४० रुपयांचे कर्ज दिलेले असेल, तर हे प्रमाण ४० टक्के होते. उरलेल्या रकमेतील काही भाग नियमानुसार राखीव निधीत व सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो; बाकीचा पैसा अन्य भागांत कर्जरूपाने जाऊ शकतो. बिहारचे प्रमाण दीर्घकाळ राष्ट्रीय सरासरीच्या खाली राहिले आहे. महाराष्ट्राचे प्रमाण देशात वरचे असले, तरी त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. त्यामुळे राज्याच्या सरासरीवरून दुर्गम जिल्ह्यांची स्थिती कळत नाही.

उपाय कोणते?

प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे सोपविणारी अग्रणी बँक योजना १९६९ मध्ये सुरू झाली. हे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी असलेल्या जिल्ह्यांत विशेष उपसमिती नेमण्याचा निर्देश रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये दिला.

कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाच्या धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजेच ‘आरसेटी’, स्थापन झाल्या. त्या बँकांमार्फतच चालविल्या जातात. तेथे शेळीपालन, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती अशा व्यवसायांचे मोफत प्रशिक्षण मिळते आणि त्यानंतर दोन वर्षे पाठपुरावा केला जातो. तारणाविना कर्जासाठी २०१५ पासून मुद्रा योजनाही आहे.

अडते कोठे?

तरुणाच्या नावावर जमीन नसते, पूर्वीच्या कर्जफेडीची नोंद नसते आणि गावातील बाजारपेठ लहान असते. त्यामुळे शाखेला त्याचे कर्ज जोखमीचे वाटते. कर्ज कमी मिळाल्याने व्यवसाय वाढत नाहीत आणि व्यवसाय नसल्याने बाजारपेठ लहानच राहते. या चक्रात तरुण स्थलांतर करतो. आईवडिलांची बचत मात्र त्याच शाखेत जमा होत राहते.

म्हणूनच प्रशिक्षितांची संख्या हा यशाचा अपुरा निकष ठरतो. त्यांपैकी किती जणांना स्वतःच्या जिल्ह्यात कर्ज मिळाले आणि दोन वर्षांनंतर किती व्यवसाय टिकले, यावरूनच प्रादेशिक दरी बुजते आहे की नाही, हे स्पष्ट होईल.