न्यायमंदिराच्या उंबरठ्यावर तीस वर्षे

नाशिक म्हटले की गोदावरीचा घाट, पंचवटी, काळाराम मंदिर ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. या काळारामाच्या दारात १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे आपण इतिहासात वाचले आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधी, याच नाशकात जन्मलेली एक स्त्री दुसऱ्या एका मंदिराच्या दारात ताटकळत उभी होती. ते मंदिर न्यायाचे होते, आणि त्या स्त्रीचे नाव कॉर्नेलिया सोराबजी.

१५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे त्यांचा जन्म झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात मुलींच्या शिक्षणासाठी शाळा चालविली. कॉर्नेलियाचे बालपण बेळगाव व पुणे येथे गेले. लहानपणी घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितला आहे. एक श्रीमंत विधवा आईकडे दाद मागायला आली होती. तिच्या विश्वासातल्या कारभाऱ्याने कागदावर तिची सही घेऊन तिची मालमत्ता गिळंकृत केली होती. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शिक, असे आईने मुलीला सांगितले. त्या एका प्रसंगाने आयुष्याची दिशा ठरली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. या विद्यापीठाची पदवी घेणारी ती पहिली स्त्री. परीक्षेत त्यांनी असे यश मिळविले की विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांनाच मिळावयास हवी होती. ती नाकारली गेली. कारण एकच, त्या स्त्री होत्या! मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी मुलांना इंग्रजी शिकविले. इंग्लंडमधील स्नेह्यांनी वर्गणी जमविली; तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही वाटा होता. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या.

१८९२ साली तेथील बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेस बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, उत्तीर्णही झाल्या. पण पदवी नाही! स्त्रियांना पदवी देण्याची प्रथाच ऑक्सफर्डमध्ये नव्हती. ती १९२० मध्ये सुरू झाली आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती पदवी पडली १९२२ साली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी.ची व १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही सनद मिळेना. येथे आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. त्या १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हे समाजाला हळूहळू पटत होते. मात्र वकिलाला न्यायालयाची परवानगी लागते आणि ती देणारे सारे पुरुषच. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाने फेटाळला. वकिलीच्या कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येत नाही, असा त्याचा इत्यर्थ होता.

मग कॉर्नेलियाबाईंनी वेगळी वाट काढली. संस्थानिकांच्या व जमीनदारांच्या घरांतील पडदानशीन स्त्रियांना परपुरुषासमोर येता येत नसे, आणि वकील तर सारे पुरुष. त्यामुळे नवरा वारला की दीर, कारभारी, मुनीम सांगतील तेच खरे. या स्त्रियांसाठी सरकारने स्त्री कायदेसल्लागार नेमावी, हा आग्रह त्यांनी १९०२ पासून धरला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम असा त्यांचा मुलूख. वारसाहक्क, पोटगी, दत्तकविधान, अज्ञान मुलांचे शिक्षण असे नाना प्रश्न त्या जनानखान्यात जाऊन, समोर बसून समजावून घेत. सुमारे वीस वर्षांत सहाशेवर स्त्रिया व मुलांना त्यांनी साहाय्य केले, असे सांगितले जाते.

१९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले आणि १९२३ च्या कायद्याने साऱ्या देशातील स्त्रियांना वकिलीचे दार उघडले. त्या वेळी बाईंचे वय छप्पन्न-सत्तावन्न होते. कलकत्त्यात त्यांनी काही वर्षे काम केले, पण तेथेही युक्तिवादाऐवजी बहुधा लेखी सल्ला देण्याचेच काम वाट्याला आले. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या व ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये निवर्तल्या.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या ब्रिटिश राजवटीच्या पाठीराख्या होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना मान्य नव्हती. १९२७ मध्ये कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने देशभर संताप उसळला, तेव्हा त्यांनी त्या पुस्तकाची बाजू घेतली. एका अन्यायाविरुद्ध आयुष्यभर झुंजणाऱ्या व्यक्तीला दुसरा अन्याय दिसू नये, याचे वाईट वाटते. पण म्हणून त्यांचे कार्य पुसून टाकणे हाही न्याय नव्हे. आपण माणसांची पूजा करतो किंवा त्यांना विसरतो. त्यांना समजून घेणे मात्र राहून जाते.

आज जिल्हा न्यायालयाच्या आवारात काळा कोट घातलेल्या कितीतरी भगिनी लगबगीने जाताना दिसतात. त्यांना दारात कोणी अडवीत नाही. हा उंबरठा ओलांडण्यासाठी आपल्याच गावात जन्मलेल्या एका स्त्रीला तीस वर्षे वाट पाहावी लागली, एवढे जरी आपण ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.