हुकूमनामा झाला, पुढे काय?

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र विभाग)

आमच्या घरात गेल्या तीन वर्षांत दोन शब्द नव्याने शिरले. पहिला 'घटस्फोट' आणि दुसरा 'समुपदेशन'. पहिल्या शब्दाची भीती सगळ्यांनाच वाटली. दुसऱ्याचा अर्थ मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हता. मानसशास्त्र हा माझा मुख्य विषय असूनही मलासुद्धा तो ठाऊक नव्हता, हे आधीच कबूल केलेले बरे. तो आम्हाला ठेचा खात खात कसा कळला, ते इथे सांगायचे आहे. लेख ताईच्या परवानगीने लिहीत आहे.

घटस्फोट ही काही कालपरवाची गोष्ट नाही. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोडीची रूढी जुनीच आहे. बडोदे संस्थानात १९३१ साली आणि मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे झाले. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोयही त्यात झाली. लग्न कसे मोडावे हे कायद्याने असे फार पूर्वी सांगून ठेवले. मोडल्यावर माणसाने उभे कसे राहावे, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे!

होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, विभक्त राहण्याला ६५. हा तक्ता मी पाठ केला होता आणि परीक्षेत अचूक लिहिलाही होता. पण तो त्र्याहत्तर गुणांचा ताण पलीकडच्या खोलीत रात्रभर जागा होता, तेव्हा मी त्याला ओळखले नाही.

ताई दोन बॅगा घेऊन पुण्याहून साताऱ्याला परत आली, तेव्हा तिचे जेवण निम्म्यावर आले होते. पहाटे तीनला तिच्या खोलीतला दिवा लागलेला दिसे. आम्ही विचारले की ती म्हणे, "काही नाही, झोप." काका म्हणाले, "वकील दिलाय ना? मग काळजी कशाची?" वकीलसाहेब खरोखरच चांगले होते. पण ताईला रडू आले की ते कागद चाळू लागत. यात त्यांचा दोष नव्हता. वकील आपले ऐकतो ते दाव्यासाठी. दाव्याला न लागणारे दुःख त्याच्या टेबलावर कुठे ठेवायचे?

मग कोर्टातले समुपदेशन झाले. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात ही न्यायालये १९८९ साली पुणे व मुंबई येथे सुरू झाली आणि तिथे विवाह समुपदेशक असतात. मला वाटले, चला, ताईला बोलायला हक्काचे माणूस मिळाले. मी तिला तसे सांगितलेही. ही माझी चूक. समेट होतो का हे पाहणे आणि न झाल्यास पैसा, मुले, सामान यांबाबत दोघांचे एकमत घडवणे, हे त्या समुपदेशकाचे मुख्य काम. ते महत्त्वाचेच आहे. पण तो दोघांसाठी असतो आणि दाव्यापुरता असतो. ताई शिवाजीनगरहून परत आली ती हिरमुसून. "त्यांनी सगळं विचारलं गं," ती म्हणाली, "मला कसं वाटतंय, एवढंच राहिलं."

तिसरा अनुभव सर्वांत वाईट. कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही एका खासगी समुपदेशन केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत निकाल दिला, "अजून वेळ गेलेली नाही, तुम्ही थोडं पडतं घ्या." एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. संध्याकाळी त्यांनी आईला फोन करून ताईने विश्वासाने सांगितलेले सगळे सांगून टाकले. त्यानंतर चार महिने ताईने कोणाकडेही जायचे नाव काढले नाही. पुढे कळले, त्यांचे शिक्षण म्हणजे काही दिवसांचा एक वर्ग. पाटी वाचताना हे विचारावे, असे आम्हाला सुचलेच नव्हते.

म्हणून आधी माणसे ओळखायला शिकू. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्र शिकलेला डॉक्टर. औषध तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा मानसशास्त्रातले विशेष प्रशिक्षण घेतलेला. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारता येते. 'समुपदेशक' या पाटीमागचे शिक्षण मात्र फार वेगवेगळे असते. कोणी मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेऊन अनुभवी हाताखाली शिकलेले असतात, तर कोणी नुसते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले. शिकलेले समुपदेशक उत्तम काम करतात. फक्त विचारून घ्यावे लागते.

शोधायचे कुठे? आम्हाला वाट दाखवली ती आमच्याच विभागातल्या बाईंनी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात ही सेवा मिळते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी झोपेसाठी थोड्या दिवसांचे औषध दिले आणि बोलण्याच्या उपचारासाठी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवले. ज्यांना जाणे अशक्य आहे किंवा ज्यांची रात्र कठीण जाते आहे, त्यांच्यासाठी 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

या वेळी ताई प्रश्न कागदावर लिहून घेऊन गेली. आपले शिक्षण कोणते? घटस्फोटातून जाणाऱ्यांबरोबर काम केले आहे का? मी सांगेन ते घरच्यांना कळेल का? फी किती, किती वेळा यावे लागेल? उपयोग होतो आहे की नाही, हे कसे ओळखायचे? मॅडम रागावल्या नाहीत. प्रत्येकाचे उत्तर त्यांनी दिले. गुप्ततेबद्दल त्या म्हणाल्या की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हा रुग्णाचा हक्कच आहे. मात्र जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर अपवाद करावा लागतो. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असे मला तेव्हापासून वाटते.

आणखी दोन गोष्टी. घरात मारहाण किंवा धाक असेल, तर नवराबायकोने एकत्र बसून करायचे समुपदेशन घातक ठरू शकते. समोर बसून बोललेल्याचा वचपा घरी काढला जातो. अशा वेळी आधी सुरक्षितता आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी. दुसरे, आपली बाजू खरी असल्याचा दाखला उपचार करणाऱ्याकडे मागू नये. तो न्यायाधीश नाही. घटस्फोट घ्या किंवा घेऊ नका, हेही त्याने सांगायचे नसते.

मग तो करतो तरी काय? आठवड्यातून एकदा, साधारण पाऊण तास. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपण अभ्यासतो, कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. घटना आणि त्रास यांच्या मधे आपला एक समज बसलेला असतो, हे तिचे सूत्र. "संसार मोडला" ही घटना. "म्हणजे मी माणूस म्हणून नापास" हा समज. मॅडमनी ताईला तो समज वहीत लिहायला लावला आणि पुढे विचारले, "हा निकाल कोणत्या परीक्षेचा?" ताई त्या दिवशी पहिल्यांदा घरी येऊन पोटभर जेवली.

परस्परसंमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयामुळे योग्य प्रकरणी ही मुदत माफ होऊ शकते. ताईची झाली नाही. अखेर हुकूमनामा हाती आला. बाबांनी पेढे आणले नाहीत, पण "सुटलो एकदाचे" असे म्हणाले. आता मॅडमकडे जायची गरज काय, असे घरात सर्वांचे मत पडले. ताईनेही जाणे बंद केले.

आणि मग संक्रांत आली. शेजारच्या काकूंचा हळदीकुंकवाचा निरोप आला तो फक्त आईला. आई गेली नाही. ताई काहीच बोलली नाही, पण त्या रात्री तीनला दिवा पुन्हा लागला. दाव्याच्या काळात रोज काही ना काही काम असते, तारीख असते, धावपळ असते. दावा संपला की रिकामी दुपार उरते, आणि तिच्यात मन पहिल्यांदा मागे वळून पाहते. आधाराची गरज तेव्हा संपत नाही; पुष्कळांची तर तेव्हाच सुरू होते. ताईने दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून वेळ घेतली. पुढचे आठ महिने ती जात होती. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने.

आपल्या वर्गातही कोणाची ताई, कोणाचा दादा, कोणाचे आईवडील या वाटेवर असतील. त्यांना सल्ला देण्याची घाई आपण करू नये. सोबत जावे, बाहेरच्या बाकावर बसावे, आत काय झाले ते विचारू नये. मी तेवढेच केले.

हा लेख ताईला वाचून दाखवला. तिने दोन वाक्ये खोडायला लावली, ती खोडली. हळदीकुंकवाचे मात्र राहू दे म्हणाली. "काकूंनी वाचलं तर बरंच."